क्रूझवरच्या ‘मोठ्या लायब्ररी’चं खरं काय?

‘जहाजावर मोठी लायब्ररी असते, पुस्तकं कशाला न्यायची?’ साताऱ्याहून मुंबईला क्रूझ पकडायला निघालेल्यांना हे हमखास ऐकवलं जातं. क्वीन मेरी २ या जहाजावर हजारो पुस्तकं आहेत, खरं. पण तो अपवाद. बऱ्याच जहाजांवर दोन-चार कपाटंच असतात. हेलकाव्यात पुस्तकं घसरू नयेत म्हणून फळीला पुढून आडवी पट्टी, आणि आत बहुतेक इंग्रजी कादंबऱ्या. मराठीचं नाव नको!

ई-पुस्तकं घरीच डाउनलोड करा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाकून एकेक उघडून बघा. नुसतं मुखपृष्ठ दिसतं म्हणजे पुस्तक उतरलं असं नाही. किनारा सुटला की नेटवर्क जातं; जहाजाच्या वायफायला बहुधा वेगळे पैसे. वाचताना मळमळलं तर खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्याशी बसा. तिथं हेलकावे कमी.