इंदूर: तीन, पाच की पंधरा?

रामबागेतल्या आमच्या काकांनी नोकरीत असताना सी भाषेत तिथीचा एक प्रोग्राम लिहिला होता. चंद्र सूर्याच्या 12 अंश पुढे गेला की एक तिथी सरते, 360 अंशांत 30 तिथी. सूत्र एवढंच, पण चंद्र एका चालीनं चालत नाही, म्हणून दुरुस्त्यांच्या ओळीच ओळी. आता त्यांना हे सगळं नातीच्या मोबाइलवर, वेबपानात हवं होतं. मी म्हटलं, जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे वेबपानांच्या भाषेत, पुन्हा लिहितो. काका म्हणाले, "काय भिया, नव्या चुका मग कोण निस्तरणार?"

तेव्हा वेबअसेंब्ली: सीसारख्या भाषेतला कोड ब्राउझरमध्ये चालवायची सोय. 2017 मध्ये ती चारही मोठ्या ब्राउझरांत आली, डिसेंबर 2019 मध्ये अधिकृत वेब-मानक झाली. एमस्क्रिप्टन नावाचा कंपायलर सी कोडची छोटी बायनरी फाइल करून देतो. ती पानात लोड केली की आतली फंक्शनं जावास्क्रिप्टला नेहमीच्या फंक्शनांसारखी हाक मारता येतात. 1 जानेवारी 2000, ग्रीनिचची दुपार, हा ज्युलियन दिवस (खगोलातली दिवसांची सलग मोजणी) 2451545. तो आकडा आत दिला, 26 बाहेर आला. म्हणजे कृष्ण एकादशी. काकांची एक ओळही बदलली नव्हती.

मग मला पानावर शीर्षक हवंसं वाटलं, शहराच्या नावासकट, आणि तेही काकांच्याच जुन्या छपाईच्या फंक्शनमधून. तिथे उमटलं: ‘इ’, आणि पुढे काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह.

झालं असं, की जावास्क्रिप्ट आणि वेबअसेंब्ली यांच्यामधल्या सीमेवरून मुळात फक्त आकडे जातात: 32 किंवा 64 बिटांचे, पूर्णांक किंवा दशांश. शब्द जात नाही. वेबअसेंब्लीकडे बाइटांची एक लांबलचक रांग असते, 64 केबीच्या पानांनी वाढणारी. जावास्क्रिप्टनं त्या रांगेत शब्द बाइट-बाइट मांडायचा आणि सीला दोन आकडे सांगायचे: कुठून सुरू, किती लांब. लांबी मी जावास्क्रिप्टला विचारली. आपण ‘इंदूर’ तीन अक्षरं मोजतो. जावास्क्रिप्ट पाच मोजतं. अनुस्वार वेगळा, ऊकार वेगळा. पण रांगेत शब्द यूटीएफ-8 या बाइटांत लिहायच्या पद्धतीनं मांडलेला होता, आणि तिथे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. एकूण पंधरा. मी पाच सांगितले: ‘इ’चे तीन आणि अनुस्वाराचे दोन. तिसऱ्या बाइटावाचून अनुस्वार लंगडा, म्हणून ती चौकट. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही चूक वर्षभर दिसणार नाही, कारण तिथे एका अक्षराला एकच बाइट. आपल्याला पहिल्याच शब्दाला दिसते, आणि मला तर हा फायदाच वाटतो.

पुढची चूक निव्वळ माझी. कोणती तिथी कधी संपते हे वर्षभराचं हवं होतं, म्हणून मी मिनिटामिनिटाला हाक मारली: 5,25,600 वेळा. नुसते आकडे न्यायला आता फार वेळ लागत नाही. पण मी दर खेपेला शहराचं नावही नेत होतो. नवी जागा मागायची, पंधरा बाइट मांडायचे, आणि जागा परत द्यायची, जे मी विसरलो. रांग फुगत गेली. ती वाढली की जावास्क्रिप्टनं रांगेत डोकावायला आधी धरून ठेवलेली खिडकी निकामी होते, तिची लांबी शून्य. पान कोरं.

काकांनी कोड पाहिला आणि विचारलं, "नाव कशाला पाठवतोस? सूर्योदयाची वेळ काढायला अक्षांश-रेखांश लागतात."

खरंच की. 22.72 आणि 75.86, दोन आकडे. मिनिटामिनिटाचा लूप सीच्या आत नेला, हाक एकच उरली. आतला कोड वर्षाचा तक्ता रांगेत लिहितो, जावास्क्रिप्ट तो एकदाच वाचून पानावर रंगवतं. पानाला हात लावणं तसंही वेबअसेंब्लीला थेट जमत नाही. शीर्षकातलं ‘इंदूर’ आता जावास्क्रिप्टच छापतं.

काकांनी तक्ता भिंतीवरच्या पंचांगाशी ताडून पाहिला. एका एकादशीला दोन मिनिटांचा फरक निघाला. चष्मा काढत म्हणाले, "पंचांगवाल्यांचं चुकलंय."