हिमवादळाची कड नेमकी कुठून जाईल?

२६ जानेवारी २०१५ च्या रात्री न्यूयॉर्क शहराने बर्फाच्या भीतीने आपली भुयारी रेल्वे बंद ठेवली होती. शहरात ६० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त बर्फ पडेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात सेंट्रल पार्कमध्ये सुमारे २५ सेंटिमीटरची नोंद झाली. त्याच वादळाने लाँग आयलंडवरील इस्लिप येथे ६० सेंटिमीटरहून अधिक, बॉस्टनमध्ये सुमारे ६२ आणि मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर येथे तब्बल ८७ सेंटिमीटर बर्फ टाकला. वादळ आले होते आणि त्याचा जोरही अपेक्षेइतकाच होता. फक्त त्याची पश्चिमेकडची कड काही दहा किलोमीटर पूर्वेला राहिली. न्यूयॉर्ककरांच्या दृष्टीने अंदाज साफ चुकला, तर बॉस्टनच्या दृष्टीने तो बरोबर ठरला. मोठ्या हिमवादळाचा अंदाज वर्तवणे इतके अवघड का असते, हे समजण्यासाठी हा एक दाखला पुरेसा आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील या वादळांना किनाऱ्यावर ईशान्येकडून वाहणाऱ्या वाऱ्यांमुळे नॉरईस्टर म्हणतात. हिवाळ्यात कॅनडाकडून आलेली अतिथंड हवा जमिनीवर पसरलेली असते, तर शेजारीच अटलांटिकमध्ये गल्फ स्ट्रीमचे उबदार पाणी वाहत असते. तापमानातील ही तफावत वादळाचे मुख्य इंधन असते. वातावरणाच्या वरच्या थरांत वेगाने वाहणाऱ्या वाऱ्यांच्या पट्ट्यात, म्हणजे जेट प्रवाहात, द्रोणीय स्थिती (कमी दाबाचा खोलगट बाक) तयार होऊन ती किनाऱ्याजवळ आली, की तिच्या पुढच्या बाजूला हवा वेगाने वर उचलली जाते आणि समुद्रसपाटीवरील दाब कोसळू लागतो. न्यूयॉर्कच्या अक्षांशाच्या आसपास २४ तासांत हा दाब साधारण १८ हेक्टोपास्कलने (हवेच्या दाबाचे एकक) उतरला, तर हवामानशास्त्रज्ञ त्या वादळाला ‘बॉम्ब’ म्हणतात. वादळाच्या वायव्य बाजूला बर्फाचे अरुंद पट्टे तयार होतात. त्यांची रुंदी बहुधा काही दहा किलोमीटरच असते, पण त्यांच्याखाली तासाला ५ सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक बर्फ पडू शकतो. पट्ट्याच्या बाहेर हवा खाली उतरत असते, शिवाय उत्तरेकडील कोरडी हवा हिमकण जमिनीवर पोहोचण्याआधीच गिळून टाकते. त्यामुळे एकाच महानगर परिसराच्या दोन टोकांना दोन वेगळे हिवाळे अनुभवास येतात.

असे वादळ किनाऱ्यावर येण्याच्या चार-पाच दिवस आधी बहुतेक वेळा वादळ म्हणून अस्तित्वातच नसते. त्याचे बीज पॅसिफिक महासागरावरील वरच्या थरांतल्या एखाद्या लहान लाटेत असते, आणि तिथे हवामान मोजणारे फुगे सोडणारी केंद्रे फारच तुरळक आहेत. जगभर ठरावीक वेळी सोडल्या जाणाऱ्या रेडिओसोंड फुग्यांची (वरच्या हवेच्या नोंदी रेडिओवरून पाठवणाऱ्या फुग्यांची) निरीक्षणे मुख्यतः जमिनीवरची असतात. समुद्रावर उपग्रहांवर, विमानांच्या नोंदींवर आणि काही वेळा खास विमानांतून टाकलेल्या उपकरणांवर भिस्त ठेवावी लागते. प्रारंभीच्या स्थितीतील बारीकशी त्रुटीही अंदाजाचे संगणकीय गणित पुढे सरकते तशी वाढत जाते, हे हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते. म्हणूनच १९९२ च्या अखेरीपासून अमेरिकेतील आणि युरोपातील प्रमुख हवामान-अंदाज केंद्रांनी एकाच गणिताऐवजी किंचित वेगळ्या प्रारंभस्थितींपासून सुरू होणाऱ्या अनेक गणितांचा समूह नित्यनेमाने चालवायला सुरुवात केली. युरोपीय केंद्राच्या समूहात आज ५१ अंदाज असतात. ते सारे एकाच मार्गाकडे बोट दाखवू लागले तर विश्वास वाढतो. ते पांगले तर त्या पांगण्यालाच अंदाजाचा भाग मानावे लागते.

२०१५ मध्ये नेमकी हीच गोष्ट लोकांपर्यंत पोहोचली नाही. युरोपीय केंद्राचे प्रारूप (अंदाजाचे संगणकीय गणित) जास्त बर्फ दाखवत होते, तर अमेरिकी प्रारूप वादळ पूर्वेकडे ढकलत होते. आदल्या वर्षांत नाव कमावलेल्या युरोपीय प्रारूपाकडे अनेकांचा कल होता, आणि नागरिकांच्या हाती बहुतांशी एक मोठा आकडा आला. माझ्या मते ‘२० ते ६० सेंटिमीटर, आणि त्यातील नेमके किती ते वादळाच्या कडेवर अवलंबून’ हे वाक्य ऐकायला कमी ठाम वाटत असले, तरी ते अधिक खरे आणि म्हणून अधिक उपयोगी होते.

मार्ग अचूक कळला तरी दुसरा प्रश्न उरतोच, आणि तो अधिक गुंतागुंतीचा आहे: आकाशातून काय पडणार? हिमकण उंचावर तयार होतो, पण खाली येताना त्याला एक-दोन किलोमीटर उंचीवर शून्याच्या वर तापमान असलेला थर भेटला, तर तो वितळतो. त्याखालच्या थंड हवेचा थर जाड असेल तर थेंब वाटेतच गोठून बर्फाचे टणक दाणे बनतात. थर पातळ असेल तर थेंब पाण्याच्याच रूपात पण शून्याखालच्या तापमानाला खाली येतो आणि फांदी, तार किंवा रस्ता यांना स्पर्श होताच गोठतो; हाच गोठणारा पाऊस. अॅपलाचियन पर्वताच्या पूर्वेकडे थंड हवा डोंगराला अडून साचते, त्यामुळे व्हर्जिनिया आणि कॅरोलिना राज्यांत हा शेवटचा प्रकार वारंवार दिसतो. त्या उबदार थरातील एका अंशाचा फरकही निकाल बदलू शकतो. भरीस भर म्हणजे वितळणारा हिमकण आजूबाजूच्या हवेतील उष्णता शोषतो, म्हणून वर्षाव जोराचा झाला तर तो स्वतःच तो थर थंड करून पावसाचे पुन्हा बर्फात रूपांतर करू शकतो.

बर्फ किती साचेल हेही केवळ पाण्यावर ठरत नाही. ढगात उणे १२ ते उणे १८ अंशांच्या पट्ट्यात हवा जोरात वर जात असेल, तर फांद्या फुटलेले मोठे, पोकळ हिमकण तयार होतात आणि २५ मिलिमीटर पाण्याचा ५० सेंटिमीटर भुसभुशीत थर होतो. शून्याजवळच्या तापमानात तेवढेच पाणी जेमतेम १२ सेंटिमीटरचा, पण झाडे मोडणारा जड, ओला थर देते.

जानेवारी १९९८ मध्ये क्वेबेकमध्ये असा गोठणारा पाऊस जवळपास आठवडाभर अधूनमधून पडत राहिला आणि काही ठिकाणी तो १०० मिलिमीटरपर्यंत गेला. विजेचे शेकडो पोलादी मनोरे वाकून कोसळले आणि लाखो घरे ऐन थंडीत अंधारात राहिली. दुसरीकडे, २८ जानेवारी २०१४ रोजी अटलांटात अवघा सुमारे ६ सेंटिमीटर बर्फ पडला. उत्तरेकडील शहरांनी त्याची दखलही घेतली नसती, पण तिथे रस्ते घसरडे झाले, सारे शहर एकाच वेळी घरी निघाले आणि हजारो माणसे रात्रभर गाड्यांत, मुले शाळांमध्ये अडकली.

२०१५ च्या उलट, अंदाज आधीच बरोबर ठरल्याचे उदाहरण मार्च १९९३ चे आहे. मेक्सिकोच्या आखातात जन्मलेल्या त्या महावादळाचा इशारा अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने सुमारे पाच दिवस आधी दिला आणि काही राज्यांच्या राज्यपालांनी पहिला हिमकण पडण्यापूर्वीच आणीबाणी जाहीर केली. अलाबामातील बर्मिंगहॅमसारख्या दक्षिणेकडील शहरात ३० सेंटिमीटरहून अधिक बर्फ पडला. पण फ्लोरिडाच्या आखाती किनाऱ्यावर याच वादळाने रात्रीच्या वेळी तीन मीटरहून उंच समुद्र आत ढकलला, आणि त्या पाण्याने तेथील रहिवाशांना बेसावध गाठले. सर्वांचे लक्ष उत्तरेकडील बर्फावर असताना दक्षिणेकडील धोका वेगळ्या रूपात आला होता. एवढ्या यशस्वी अंदाजातील ही त्रुटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

आता अमेरिकेत हिमवादळाच्या तीव्रतेचा एक निर्देशांक वापरला जातो. त्यात बर्फाची उंची, त्याचे वजन, गोठणाऱ्या पावसाचा थर, वाऱ्याने उडणारा बर्फ आणि तापमान एकाएकी उतरून रस्ते गोठण्याचा धोका यांचा स्वतंत्र विचार होतो. वादळाच्या शेवटच्या काही तासांत द्विध्रुवी रडारे (आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी सोडणारी, २०१३ पर्यंत सुधारित करण्यात आलेली) कामाला येतात. वितळणारे हिमकण त्यांना वेगळे ओळखू येत असल्याने पाऊस आणि बर्फ यांमधील सीमारेषा उत्तरेकडे सरकताना अंदाजकर्त्यांना थेट दिसते, आणि त्यानुसार कोणत्या जिल्ह्यात रस्त्यावर मीठ टाकायचे व कोणत्या जिल्ह्यात बर्फ ढकलणारी वाहने पाठवायची, हे प्रशासनाला वादळ चालू असतानाही बदलता येते.