कसुतीची साडी आधी उलटी करून बघा

इरकल घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पदरावरचं काम सुलट बाजूने बघतं. आम्ही पदर उलटा करून हातात देतो.

हे काम कसुतीचं. आपल्या आज्या-पणज्या ज्याला कर्नाटकी कशिदा म्हणत, तोच हा. हुबळी-धारवाड हे त्याचं माहेर, आणि कसुती या नावाला भौगोलिक मानांकनही आहे. यात कापडावर छाप उठवत नाहीत, पेन्सिलीची रेघही नाही. उभे-आडवे धागे मोजायचे आणि टाका घालायचा. एक धागा चुकला की उसवण्यावाचून इलाज नसतो. धागे मोजूनच काढायचं असल्याने रेघ आडवी, उभी नाहीतर तिरकी जाते; कमळसुद्धा कोनाकोनांचंच होतं.

टाके 4. गवंतीत सुई एक घर सोडत पुढे जाते आणि परतताना सोडलेली घरं भरत येते, म्हणून दोन्ही बाजूंना सारखीच रेघ दिसते. गाठ कुठेही मारत नाहीत. त्यामुळे सुई कुठून निघून कुठे परतणार, हे बाईच्या डोक्यात आधी पक्कं असावं लागतं. खरी मजुरी या हिशेबाची असते. मुर्गी तशीच, पण पायऱ्या-पायऱ्यांनी चालणारी. नेयगी म्हणजे धावदोरा, विणल्यासारखा दिसणारा. मेंथी म्हणजे फुलीचा टाका. गोपूर, रथ असं भरीव काम त्याने भरतात.

मशीनच्या कामात मागे बहुधा बॉबिनचा पांढरा दोरा दिसतो, कधी आधाराला लावलेल्या कागदाचे तुकडेही राहतात. मात्र नेयगी आणि मेंथीची उलटी बाजू सुलटीसारखी नसते, तेवढ्यावरून हातकामाला खोटं ठरवू नका. मशीनचं कामही आम्ही विकतो, पण मशीनचं म्हणून सांगून आणि मशीनच्याच भावात.

पदराजवळ गोपूर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन असे मोठे नमुने, आणि पदरापासून लांब जावं तशी बुट्टी लहान आणि विरळ होत जाते, ही जुनी रीत. काळ्या चंद्रकळेवर हे काम सगळ्यात उठून दिसतं, असं आमचं मत. हुबळी-धारवाडकडे नवरीलाही ती देत, तेव्हा काळ्या रंगाला बिचकू नका.

पहिली धुणी वेगळी, गार पाण्यात; भिजत ठेवू नका, पिळू नका. इस्त्री उलट्या बाजूने. दोऱ्याचं टोक वर आलं तर ओढू नका, कापूही नका. गाठ नसल्याने टाका सुटत जातो. साडी तशीच घडी करून आमच्याकडे आणा.