शाळेत आजारी पडलेल्या मुलाचे नियम : मागची गोष्ट

ताप असेल तर मुलाला शाळेत पाठवू नका. कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरीच ठेवा. डॉक्टरांची चिठ्ठी आणि पालकांचे पत्र असल्याशिवाय शाळा औषध देणार नाही. जूनमध्ये शाळेच्या डायरीत अशा सूचना येतात आणि आपण खाली सही करतो. हे नियम एकाच हेतूने झालेले नाहीत. काही नियम शाळेला आजारी मुलापासून वाचवण्यासाठी आले, तर काही आजारी मुलाची शाळा वाचवण्यासाठी.

पहिला प्रकार जुना. 1894 मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात घटसर्पाची साथ होती. शहराचे 50 भाग पाडून 50 डॉक्टर नेमले गेले. शिक्षकांनी आजारी दिसणारे मूल बाजूला काढायचे, डॉक्टरांनी तपासायचे, संसर्ग असेल तर घरी धाडायचे. 1897 मध्ये न्यूयॉर्कनेही हीच पद्धत उचलली. घटसर्पाने मुले दगावत होती, त्यामुळे नियम योग्यच होता. पण खरूज, गजकर्ण, उवा, डोळ्यांतल्या खुपऱ्या असल्या दुखण्यांनाही तोच लावला गेला, आणि हजारो मुलांच्या हातात चिठ्ठी देऊन त्यांना घरी पाठवले जाऊ लागले. घरी कोण होते? परदेशातून आलेले गरीब आईबाप. अनेकांना ती चिठ्ठी वाचता येत नव्हती, आणि वाचता आली तरी औषधाला पैसे नव्हते. शाळा सुटली की तीच मुले गल्लीत त्याच वर्गमित्रांबरोबर खेळत. संसर्ग थांबला नाही, शिक्षण मात्र थांबले.

लिलियन वॉल्ड या परिचारिकेने वस्तीत सेवाकेंद्र चालवता चालवता हे पाहिले होते. तिने शहराला गळ घातली आणि ऑक्टोबर 1902 मध्ये लिना रॉजर्स ही परिचारिका महिनाभराच्या प्रयोगासाठी चार शाळांत गेली. ती शाळेतच जखमा धुऊन मलम लावायची आणि संध्याकाळी घरोघर जाऊन आयांना उवा कशा काढायच्या, डोळे कसे धुवायचे, ते करून दाखवायची. सप्टेंबर 1902 मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांतून 10,567 मुलांना घरी पाठवले होते. प्रयोग वाढत गेला आणि वर्षभराने, सप्टेंबर 1903 मध्ये, हा आकडा 1,101 वर आला. शाळेच्या आरोग्याच्या इतिहासात मला यापेक्षा बोलके आकडे माहीत नाहीत.

आपल्याकडे सुरुवात बडोद्यात झाली. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि 1909 मध्ये बडोदा शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातली ही पहिली अशी तपासणी मानली जाते. मुलाला शाळेत यायला भाग पाडायचे, तर त्याच्या प्रकृतीकडेही पाहायला हवे, हा धागा मला इथे स्पष्ट दिसतो. पुढे तो फारसा ताणला गेला नाही. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने 1946 मध्ये लिहिले की देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच. 1960 मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली खास समिती नेमली गेली, योजना आल्या आणि गेल्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्या पालघरमधून झाली. त्यात डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचे फिरते पथक वर्षातून एकदा शाळेत येते.

औषधाचा हिशेब वेगळाच आहे. सरकारी योजनेतली औषधे शिक्षकांच्या हातून रीतसर दिली जातात. आठवड्यातून एकदा लोहाची गोळी, तीही जेवणानंतर. जंतनाशक गोळी चावून खायची, समोर उभे राहून खाऊ घालायची, त्या दिवशी मूल आजारी असेल तर द्यायची नाही. नियम नेमके आहेत आणि मुलाच्या भल्याचे आहेत.

अडते ते एकेका मुलाच्या रोजच्या औषधापाशी. चिठ्ठीचा आग्रह रास्तच आहे, कारण साध्या वाटणाऱ्या गोळीनेही घात होतो. विषाणूच्या तापात अ‍ॅस्पिरिन दिल्याने मेंदूला व यकृताला इजा करणाऱ्या राय सिंड्रोमचा धोका असतो, हे कळल्यावर ब्रिटनने 1986 मध्ये ती गोळी लहान मुलांना देणे थांबवले. पण चिठ्ठी आणूनही ‘आम्ही जबाबदारी घेत नाही’ असे उत्तर मिळते, तेव्हा ती 1897 सालची न्यूयॉर्कची शाळा असते. टाइप 1 मधुमेहाच्या मुलांसाठी थोडी वाट मोकळी झाली आहे. 2017 मध्ये सीबीएसईने अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळ, सँडविच आणि पाणी जवळ ठेवू दिले. वर्गात रक्तातली साखर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधल्या वेळी खाऊ द्या, असे राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने 2023 मध्ये राज्यांना कळवले.

दम्याच्या पंपाचे काय? झटका मैदानावर येतो आणि पंप ऑफिसच्या कपाटात कुलपात असतो. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2014 पासून शाळा अडीअडचणीसाठी स्वतःचा पंप विकत घेऊन ठेवू शकते. आपल्याकडे कपाटाची किल्ली कुणाकडे असावी, हे अजून बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापकच ठरवतात.