दुपार घरात किती वाजता पोचते?

दरड कोसळली, पूर आला किंवा जमीन हादरली, की दोन-तीन दिवसांत बातमीत एक वाक्य हमखास येतं: ‘आपद्ग्रस्तांच्या तात्पुरत्या निवाऱ्याची सोय करण्यात आली आहे.’ सोबत फोटो असतो. ओळीने उभे पत्र्याचे शेड, अलीकडे कंटेनर, आणि पुढे फीत कापणारी मंडळी. फोटो बहुधा सकाळचा. त्या पत्र्याखाली दुपारी तीनला किती तापतं हे कुठल्याच बातमीत नसतं, आणि मला तर पहिला प्रश्न तोच पडतो.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला किल्लारीइतकी चांगली जागा नाही. १९९३ सालच्या अनंत चतुर्दशीची रात्र. विसर्जन आटोपून माणसं गाढ झोपली होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमाराला लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. पुढे ५२ गावं मूळ जागेवरून उठवून नव्या जागी वसवली गेली. पक्की घरं होईपर्यंत लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. कुणाचे दोन-तीन उन्हाळे त्यात गेले, कुणाचे त्याहून जास्त. मराठवाड्यातले उन्हाळे.

जुन्या घरांकडे आधी बघू. दोन-तीन फूट जाड दगडी भिंती, दगड मातीच्या गाऱ्यात बसवलेले, वर माळवद. म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर फूट-दीड फूट माती. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर वर नवी माती टाकायची, त्यामुळे थर वाढतच जायचा. दहा फूट बाय तेरा फुटांच्या खोलीवर चाळीस सेंटिमीटर माती असली तर तिचं वजन आठ टनांच्या घरात जातं. शाळेतलं न्यूटनचं सूत्र इथे सरळ लागू पडतं: जमिनीचं त्वरण सगळ्यांना सारखंच, पण जितकं वस्तुमान जास्त तितकं बल जास्त. भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन थर असत आणि मधे नुसती भरड. दोन्ही थरांना आरपार बांधणारे लांब दगड क्वचितच घातलेले. ताण सोसायची मातीची ताकद जवळपास शून्य. भिंती फुगून फाकल्या आणि माळवद खाली आलं. जिथे छताचा भार लाकडी खांबांवर होता, त्या खणाच्या घरांमधली बरीच माणसं वाचली. भिंती पडल्या, सांगाडा उभा राहिला.

लोकांनी यातून धडा घेतला की दगडमाती मारते. भूकंपापुरता तो बरोबरच आहे. पण त्याच मातीने पिढ्यान्‌पिढ्या दुसरं एक काम चोख केलं होतं, आणि माझा जीव त्या कामात जास्त अडकलेला आहे.

भिंतीच्या किंवा छताच्या बाहेरच्या पृष्ठभागाचं तापमान दिवसभरात वर जातं आणि रात्री खाली येतं. चोवीस तासांची ही एक लाटच. ही लाट मातीत आत शिरते, पण दोन गोष्टी गमावत शिरते. तिची उंची घटते आणि तिला उशीर होतो. उष्णतावहनाचं हे गणित फ्रेंच गणिती जोसेफ फूरिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं. त्यातून प्रत्येक पदार्थासाठी एक लांबी निघते. कोरड्या, दाबलेल्या मातीसाठी आणि चोवीस तासांच्या लाटेसाठी ती सुमारे १२ सेंटिमीटर येते. दर १२ सेंटिमीटरला लाटेची उंची ३७ टक्क्यांवर येते आणि ती जवळजवळ पावणेचार तास मागे पडते.

आता हिशोब करा. छताच्या वरच्या बाजूला तापमान सरासरीच्या वर-खाली २० अंश हेलकावतंय. चाळीस सेंटिमीटर माती ओलांडेपर्यंत त्या २० अंशांतला पाऊण अंशही उरत नाही, आणि जो उरतो तो तेरा-एक तासांनी पोचतो. म्हणजे दुपारी दीडचं ऊन घरात शिरतं रात्री अडीचला. तेव्हा बाहेर हवा गार, खिडकी उघडी, आणि त्या चिमूटभर उष्णतेची कुणाला जाणीवही नाही. वीज नाही, यंत्र नाही, फक्त उशीर. घर गार ठेवायची याहून देखणी युक्ती मला माहीत नाही.

लाट जितकी सावकाश, तितकी ती खोल जाते. ही लांबी कालावधीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. वर्षाची लाट दिवसाच्या लाटेपेक्षा ३६५ पट सावकाश, त्याचं वर्गमूळ १९, म्हणून ती १२ सेंटिमीटरऐवजी सव्वादोन मीटरच्या मापाने घटते. आठ-दहा मीटर खोलीवर उन्हाळा-हिवाळा असा फरकच राहत नाही. ‘विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात कोमट होतं’ असं आपण म्हणतो, त्यातलं पाणी मुळात बदलतच नाही. बदलतो तो हात. ज्यांना हे दोन परिच्छेद जड गेले त्यांनी एवढंच धरून ठेवावं: माती उष्णता अडवत नाही, तिला उशीर करायला लावते.

आता पत्रा. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा एका चौरस मीटरला चार किलोसुद्धा भरत नाही. एका अंशाने तापायला त्याला दोन किलोज्यूलहून कमी उष्णता पुरते. दोन फुटी दगडमातीच्या भिंतीला तेवढ्याच क्षेत्रफळासाठी हजार किलोज्यूलच्या आसपास लागते. भर दुपारी जुनाट, काळवंडलेला पत्रा चौरस मीटरमागे सातशे वॅट तरी शोषतो. म्हणजे सुरुवातीला दर तीन सेकंदांना एक अंश! दहा मिनिटांच्या आत पत्रा ६०-६५ अंशांवर जाऊन टेकतो. ढग आला की तितक्याच झटकन उतरतो. तीन मीटरचा पत्रा तीसेक अंशांनी तापला-निवला की एक मिलिमीटरभर लांबतो-आखडतो. दुपारी शेडमध्ये बसलं की खिळ्यांपाशी जो टणटण आवाज येतो तो त्याचाच. इथे लाटेला उशीर नाही आणि तिची उंचीही घटत नाही. दुपार दुपारीच घरात येते, पूर्ण वाढ झालेली.

हे मोजायचं तर एक सावधगिरी सांगतो. हल्ली स्वस्तात मिळणारा इन्फ्रारेड तापमापक चकचकीत पत्र्यावर रोखलात तर फसाल. चकचकीत धातू स्वतः किरण कमी सोडतो आणि समोरच्या वस्तूचे परावर्तित करतो, त्यामुळे आकडा भलताच कमी येतो. पत्र्याला इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी लावायची, पाच मिनिटं थांबायचं आणि पट्टीवर रोखायचं. मग खरा आकडा दिसतो.

पण त्रास हवेच्या तापमानातून येतो त्याहून जास्त येतो पत्र्याच्या किरणांतून. पत्र्याखाली बाजेवर आडवं पडलं की डोकं, छाती, पोट सगळं त्याच्याकडे तोंड करून असतं. ६५ अंशांचा काळवंडलेला पत्रा आणि ३५ अंशांची त्वचा यांच्यातली देवघेव मांडली तर पत्र्याकडे वळलेल्या अंगावर चौरस मीटरमागे दोनशे वॅटच्या आसपास उष्णता पडते. निवांत पडलेलं सगळं शरीर मिळून स्वतः शंभर वॅट तयार करतं. म्हणजे तुम्ही तव्याखाली निजलेले आहात. पंखा या किरणांना अडवू शकत नाही; हवा ४२ अंशांची असेल तर तो गरम हवाच अंगावर ढकलतो. घाम वाळला तरच सुटका, आणि त्यासाठी प्यायला पाणी हवं. तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं यात आधी कोलमडतात.

हिवाळ्यात वेगळीच गंमत. रात्री तोच पत्रा निरभ्र आकाशाकडे उष्णता फेकून हवेपेक्षाही गार होतो. पाच माणसं दारं बंद करून झोपली की श्वासातून आणि त्वचेतून रातभरात दीड लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. ती वाफ पत्र्याच्या आतल्या बाजूला जमते, पन्हळीच्या कडेने ओघळते आणि पहाटे वाकळेवर टपकते. आभाळ कोरडं असताना शेड गळतं. त्यात कुणाला करणी दिसली तर नवल नाही, पण ते गार पत्र्यावर जमलेलं साधं दव आहे.

आणि वास्तुशास्त्र! नव्या गावाची आखणी म्हटली की दार कुठल्या दिशेला यावर घोळ घालणारे निघतातच. दिशेला महत्त्व आहे, पण ते सूर्यामुळे. शेडची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली तर सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त अरुंद भिंतींवर पडतं. एवढंच. आग्नेयेला चूल ठेवून पत्रा गार होत नाही. शिवाय किल्लारीला मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो. तेव्हा भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो आणि सगळा मारा छतावर होतो.

पक्क्या घरांनी तरी प्रश्न सुटला का? किल्लारी पुनर्वसनात जमिनीच्या मालकीनुसार २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. भूकंपाला टिकतील अशी, हे महत्त्वाचंच. पण दहा-बारा सेंटिमीटरच्या काँक्रीट स्लॅबमध्ये दिवसाची लाट जेमतेम निम्मी होते आणि तीन-चार तासच मागे पडते. म्हणजे दुपार घरात येते संध्याकाळी, स्वयंपाकाच्या वेळेला, आणि अंथरुणं पडेपर्यंत रेंगाळते. घरापुढे-घरामागे लोकांनी पत्र्याच्या पडव्या काढल्या. दगडाची भीती गेली नव्हती, आणि पत्रा निदान अंगावर पडला तर मारत नाही.

मला खटकतं ते हे, की मधला रस्ता होता आणि आहे. माळवदावरची माती चाळीसवरून वीस सेंटिमीटरवर आणली तर डोक्यावरचं वजन निम्मं होतं, आणि तरीही लाट १९ टक्क्यांपर्यंत उतरते, सहा तासांचा उशीर मिळतो. २० अंशांचा हेलकावा साडेतीन-चार अंशांवर. त्याला लाकडी सांगाड्याची जोड, भिंतीत आरपार दगड आणि काँक्रीटचा पट्टा द्यायचा. जी गावं हलवली नाहीत तिथल्या घरांच्या मजबुतीकरणात असेच उपाय सांगितले होते. पण पडलेलं घर डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला मातीखाली पुन्हा झोपायला सांगणं सोपं नाही, आणि ते मला सांगायलाही लागू नये.

हे सगळं गणित कोकणात मात्र चालत नाही. उशीर करायला लावण्याचा फायदा जिथे रात्री गार होतात तिथेच. लातूरला एप्रिलमध्ये दिवस-रात्रीचा फरक पंधरा अंशांचा असू शकतो, कोकणात त्याच्या निम्म्यावर. वर दमटपणा. २०२१ मध्ये महाडजवळच्या तळियेवर आणि २०२३ मध्ये खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड आली, तिथल्या वाचलेल्या कुटुंबांना कंटेनरमध्ये ठेवलं होतं. कोकणात जाड भिंतीपेक्षा आरपार वारा लागतो, आणि कंटेनर म्हणजे वाऱ्याला सगळीकडून दार लावलेली पेटी. जपानी वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी १९९५ च्या कोबे भूकंपानंतर कागदी नळ्यांच्या भिंतींची घरं बांधली, पाया म्हणून वाळूच्या पोत्यांनी भरलेले बिअरचे क्रेट. सगळे त्या कागदाचं आणि क्रेटचं कौतुक करतात. मला आवडतं ते त्यांचं छत: वरचं ताडपत्रीचं कापड आणि आतलं छत यांच्यात मोकळी जागा, उन्हाळ्यात तिथून वारा खेळेल अशी. २००१ च्या भूकंपानंतर भुजमध्येही त्यांनी ढिगाऱ्याच्या दगडविटांचा पाया घेऊन असं घर उभारलं.

कोबेत आणखी एक गोष्ट कळली, तिचा उष्णतेशी संबंध नाही. तात्पुरती घरं सोडतीने आणि वृद्धांना प्राधान्य देऊन वाटली. न्याय्यच वाटतं. पण शेजार फुटला आणि कितीतरी म्हातारी माणसं बंद दाराआड एकटी मेली. तिथली शेवटची तात्पुरती घरं रिकामी व्हायला २००० साल उजाडलं. गाव हलवताना गल्ली एकत्र हलवावी, याला कुठलंही समीकरण लागत नाही.

‘चोवीस तासांत थ्रीडी प्रिंटरने घर’ असल्या व्हिडिओंनी भारावून जाणाऱ्यांना मी एकच विचारतो, छत कशाचं? बहुतेक व्हिडिओंत भिंती छापून झाल्या की व्हिडिओ संपतो.

निवाऱ्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांत, ज्यांना स्फिअर म्हणतात, माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा सांगितली आहे आणि उष्ण प्रदेशात आतली उंची २.६ मीटर. ते मिळालं तर उत्तमच. शेड आधीच उभं असेल तर दोन कामं थोडक्या खर्चात होतात. पत्र्याखाली हातभर अंतर सोडून जुनी साडी किंवा चटई ताणून बांधायची. असा एक आडपडदा किरणांनी येणारी उष्णता ढोबळमानाने निम्मी करतो. दोन्ही टोकं उघडी ठेवायची, नाहीतर मधली हवा कोंडते. कडबा किंवा पाचट वर टाकतात तेही गार करतं, पण खाली चूल असेल तर नको. आणि पत्र्यावर बाहेरून पांढरा चुना, चिकटायला त्यात थोडा फेविकॉल, दोन हात. ऊन परतवायला याहून स्वस्त काही नाही. होळीच्या आत मारावा. पावसाळ्यात बराचसा धुऊन जातो, म्हणून दरवर्षी पुन्हा मारावा लागतो.