शाळेच्या टॅबचं लॉक आम्ही का काढत नाही

जूनअखेर शाळा उघडल्या की आठ-पंधरा दिवसांत दुकानात एकच मागणी सुरू होते : “भाऊ, पोट्ट्याच्या टॅबचं लॉक तोडून द्या ना, काहीच चालत नाही त्याच्यात.” दर वेळी तोंडी सांगून घसा बसतो, म्हणून हा कागद छापला. घरी न्या, पोरांनाही वाचू द्या.

स्क्रीनवर खाली ‘हा टॅब संस्थेच्या मालकीचा आहे’ अशा अर्थाची बारीक इंग्रजी ओळ दिसत असेल, तर तो बिघाड नव्हे. ते शाळेने लावलेलं कुलूप आहे. त्याच्यामुळे बाहेरची एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून आणलेली अ‍ॅपची फाइल, बसत नाही, नको त्या साइट उघडत नाहीत आणि टॅब हरवला तर शाळेला तो दुरूनच बंद करता येतो.

सगळा घोळ होतो रिसेटने. पोरगा बापाच्या मोबाइलवर व्हिडिओ पाहतो, पॉवर आणि व्हॉल्यूमचं बटण एकत्र दाबतो आणि टॅब कोरा करून टाकतो. कुलूप काही जात नाही. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ५.१ पासून, असा रिसेट मारला की टॅब आधीचंच गुगल खातं मागतो. ते खातं शाळेचं. पासवर्ड ना पोराला ठाऊक, ना आम्हाला. काही टॅब तर नेट मिळताच शाळेचं कुलूप स्वतःच परत लावून घेतात. मग आम्ही सरांना फोन करायचा, सरांनी वर कळवायचं, तुम्ही रोज चक्कर मारायची. डाउनलोड केलेला अभ्यास गेला तो वेगळाच.

दोन-तीनशे रुपयांत कुठेतरी टॅबला फ्लॅश मारून मिळतो, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर पुसून नवं टाकून मिळतं, हे माहीत आहे. आम्हालाही येतं, करत नाही. मागच्या वर्षी असाच ‘मोकळा’ केलेला टॅब चार्जिंग पिनसाठी आला. आत वडिलांचा जीमेल टाकलेला. पोरीनेच गॅलरी उघडून दाखवली : आधार, पासबुक, सातबारा, बापाच्या मोबाइलमधले सगळे फोटो तिथे उतरलेले. खातं मोठ्या माणसाचं, त्यामुळे वयाची आडकाठी कुठेच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून आलेली फसवी एपीकेही पडून होती. नशीब, इन्स्टॉल केली नव्हती.

अभ्यासाची एखादी साइट खरंच अडत असेल तर सरांना तिचं नाव लिहून द्या. शाळेला ती त्यांच्याकडून उघडता येते.

पोराला ऑनलाइन कोणी फोटो मागितला, धमकी दिली, तर आधी त्याच्यावर हात उगारू नका आणि चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट घ्या, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. तिथे उशीर झाला की पैसे अडवणं कठीण होतं.

ग्लास, पिन, बॅटरी हे शाळेच्या टॅबचंही करतो, फक्त शाळेची चिठ्ठी आणा. घरचा मोबाइल पोरांच्या हातात असेल तर त्यात फॅमिली लिंक (पोरांच्या मोबाइलवर आईवडिलांना लक्ष ठेवता येणारं गुगलचं अ‍ॅप) बसवून देतो, १०० रुपये. त्यासाठी आईचा किंवा वडिलांचा मोबाइल सोबत लागतो, परवानगी त्याच्यावरूनच द्यावी लागते. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, चारनंतर या. आणि चार्जर आणा बाप्पा, निम्म्या वेळा दोष त्याचाच निघतो.