घर पडल्यावर हातात काय येते: सरकारी मदत, घरविमा आणि दोन्हींसाठी लागणारे कागद

पुराने किंवा वादळाने घर पडले की सरकार नुकसानभरपाई देते, असे आपण सर्रास म्हणतो. केंद्रीय गृह मंत्रालयाची भूमिका मात्र स्पष्ट आहे: राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मिळणारा पैसा ही तातडीची मदत आहे, झालेल्या नुकसानीची भरपाई नव्हे. हा फरक शब्दांचा वाटतो, पण रकमेत तो लाखांचा आहे. भरपाई हवी असेल तर विमा लागतो. त्यामुळे नदीकाठी, खाडीलगत किंवा डोंगराच्या कुशीत राहणाऱ्यांनी दोन्ही वाटा माहीत करून घ्याव्यात.

सरकारी मदत: रक्कम आणि पात्रता

२०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेले निकष असे: घर पूर्ण नष्ट झाले तर सपाट भागात १,२०,००० रुपये आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये. कच्चे असो वा पक्के, रक्कम तीच. झोपडी पडली तर ८,०००. घराला लागून असलेल्या गोठ्याचे ३,०००. घर वाहून गेले, पूर्ण पडले किंवा दोन दिवसांहून जास्त काळ पाण्याखाली राहिले, तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांडीकुंडी व संसाराच्या सामानासाठी २,५०० रुपये प्रत्येक कुटुंबाला. या काळानंतरच्या आपत्तीसाठी त्या वेळचा शासन निर्णय पाहावा.

खरी मेख अंशतः पडझडीत आहे. बहुतेकांची घरे पूर्ण पडत नाहीत. पत्रे उडतात, एक भिंत खचते, कौले फुटतात. अशा वेळी नुकसान किमान १५ टक्के असावे लागते आणि मग पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,००० रुपये मिळतात. १५ टक्क्यांच्या खाली असाल तर या निकषात काहीच नाही. भिंत पुन्हा उभी करायला गवंडी काय मागतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या आकड्यांबद्दल अधिक सांगायला नको.

कधी कधी राज्य सरकार आपल्या तिजोरीतून वाढीव दर जाहीर करते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर कोकणात पूर्ण पडलेल्या घराला तेव्हाच्या ९५,१०० रुपयांऐवजी दीड लाख देण्यात आले. पण तो त्या त्या वेळचा निर्णय असतो. त्यावर हक्क सांगता येत नाही आणि त्याच्या भरवशावर घराचे गणित मांडता येत नाही.

पात्रतेची मुख्य अट एकच, पण जड आहे: बांधकाम अधिकृत असावे आणि सक्षम अधिकाऱ्याने तसे प्रमाणित केलेले असावे. शिवाय आपत्ती अधिसूचित हवी. केंद्राच्या यादीत पूर, चक्रीवादळ, भूकंप, दरड, ढगफुटी, गारपीट, आग, त्सुनामी वगैरे आहेत. राज्याने वीज कोसळणे, अतिवृष्टी यांसारख्या स्थानिक आपत्तीही जोडल्या आहेत. जुनी भिंत वयोमानाने उन्हाळ्यात कोसळली, तर ती आपत्ती नव्हे.

अर्ज म्हणजे पंचनामा

इथे अर्जाचा फॉर्म भरून रांगेत उभे राहण्याचा प्रकार नाही. सगळे पंचनाम्यावर ठरते. तलाठी (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) येऊन पाहणी करतात. पडझड किती टक्के आहे यासाठी बांधकाम विभागाच्या अभियंत्याचे मत घेतले जाते. मग यादी तहसीलदारांकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि पुढे मंजुरीला जाते. पैसा थेट बँक खात्यात जमा होतो.

पंचनाम्याच्या वेळी घरात कोणीतरी जाणते माणूस हवे. कागदावर 'अंशतः' लिहिले आहे की 'पूर्ण', टक्केवारी किती टाकली आहे, हे सही करण्याआधी वाचा. नंतर बदलणे फार जिकिरीचे जाते. पंचनामा झालाच नाही किंवा यादीत नाव आले नाही, तर तहसीलदारांच्या नावे साधा लेखी अर्ज द्या, सोबत फोटो जोडा आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका. तोंडी सांगितलेले तहसील कचेरीत टिकत नाही.

कागदपत्रे: आधार कार्ड, आधार जोडलेल्या खात्याचे पासबुक, रेशन कार्ड, घरपट्टीची पावती, वीजबिल, आणि घराच्या मालकीचा उतारा. गावात हा उतारा म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८. तलाठ्याकडचा ८-अ तो वेगळा. तो शेतजमिनीच्या खात्याचा असतो आणि लोक हमखास तोच घेऊन येतात. शहरात मिळकत पत्रिका लागते. घर अजून आजोबांच्या नावावर असेल आणि वारस चार असतील, तर पैसे कोणाच्या खात्यात जायचे यावरून प्रकरण अडते. अशा वेळी बाकीच्यांचे संमतीपत्र लागते. मुंबई, पुणे, सुरत अशा ठिकठिकाणी पांगलेल्या भावांच्या सह्या पुराच्या आठवड्यात गोळा करून पाहा! वारस नोंद आधीच करून ठेवलेली बरी.

विम्याची वाट

विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आणली. कंपनी कोणतीही असो, तिच्या मूळ अटी सारख्याच असतात. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, पाणी तुंबणे, जमीन खचणे, दरड कोसळणे हे सगळे तिच्यात येते. अशा घटनेनंतर सात दिवसांच्या आत तिच्यामुळे झालेली चोरीही येते. पाणी शिरल्यावर घर उघडे टाकून निघालेल्यांना याचे मोल कळेल.

विम्याची रक्कम ठरते घर पुन्हा बांधायच्या खर्चावर. जागेची किंमत त्यात धरत नाहीत. चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा) गुणिले बांधकामाचा दर, एवढाच हिशेब. समजा ८०० चौरस फूट आणि दर २,००० रुपये, तर १६ लाख. याच घरासाठी सरकारी निकषातून सपाट भागात १,२०,००० मिळतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की मदत आणि भरपाई यांतले अंतर दिसते.

या पॉलिसीत तीन गोष्टी ग्राहकाच्या बाजूच्या आहेत. घराचा विमा काढला की इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, घरातल्या सामानाचे संरक्षण यादी न देताही मिळते. एक वर्षाहून लांब मुदतीच्या पॉलिसीत रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. आणि रक्कम कमी धरली गेली म्हणून कंपनी त्या प्रमाणात दावा कापत नाही. भाडेकरूलाही केवळ सामानाचा विमा घेता येतो. दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते, रोख रकमेला संरक्षण नाही.

काय मिळत नाही, तेही पाहा. समुद्राने किंवा नदीने हळूहळू काठ खाल्ला आणि त्यात घर गेले, तर ते वगळलेले आहे. भरावाची जमीन दबून पडलेल्या भेगा, सदोष बांधकाम, नेहमीची झीज यांनाही संरक्षण नाही. कोकणात वर्षातले दहा महिने कुलूप असलेली घरे खूप. घर सलग ३० दिवसांहून अधिक बंद राहणार असेल तर कंपनीला आधी लेखी कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी वाद होतो.

पॉलिसी घेताना बांधकामाचा प्रकार, घराचे वय, आधीचे नुकसान खरेखरे सांगा. 'मागच्या पुरात पाणी आले नव्हते' असे खोटे लिहून वाचवलेला हप्ता पुढे संपूर्ण दावा घालवू शकतो.

गृहकर्ज घेतलेल्यांनी कर्जाची फाइल एकदा उघडावी. पुष्कळदा त्यात विमा असतो, पण तो कर्जदाराच्या जिवाचा असतो, घराचा नव्हे. तो घराचा निघालाच, तरी बँकेचे कलम असल्याने दाव्याची रक्कम आधी बँकेकडे जाते.

दावा कसा करायचा

नुकसान दिसताच कंपनीला कळवा आणि दाव्याचा क्रमांक लिहून घ्या. दाव्याचा अर्ज ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. आग असेल तर अग्निशमन दलाला, चोरी असेल तर पोलिसांना खबर द्या. सोबत पॉलिसीची प्रत, मालकीचा पुरावा, फोटो, दुरुस्तीचे अंदाजपत्रक आणि सामानाची बिले जोडा. नुकसान तपासायला कंपनीने पाठवलेला सर्वेक्षक येण्याआधी राडारोडा उपसायची घाई करू नका. चिखल काढावाच लागला, तर आधी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे फोटो काढा आणि बिघडलेला फ्रिज भंगारवाल्याला देऊ नका. राडारोडा हटवण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि वास्तुविशारद वा अभियंत्याचे शुल्क ५ टक्क्यांपर्यंत मिळते. हे मागायचे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

दावा नाकारला किंवा कमी मंजूर केला, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर, आणि कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून एक वर्षाच्या आत विमा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विमा लोकपालांकडे जाता येते. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. शुल्क नाही, वकीलही लागत नाही.

दोन्ही एकाच वेळी

घराच्या मदतीच्या निकषांत 'विमा असल्यास मदत नाही' अशी अट नाही. तेव्हा पॉलिसी आहे म्हणून पंचनामा टाळू नका. उलट, पंचनाम्याची नक्कल विमा दाव्यात सर्वात भक्कम पुरावा ठरते, कारण तारीख, कारण आणि पडझडीचे प्रमाण एका सरकारी कागदावर येते. ती तहसील कार्यालयातून मागून घ्या. फक्त दोन्हीकडे एकच माहिती द्या. पंचनाम्यात एक भिंत आणि दाव्यात तीन भिंती असे दिसले, तर दाव्यावरच संशय येतो.

हे सगळे कागद घरातच ठेवले तर घराबरोबर तेही जातील. मोबाइलवर फोटो काढून मेलवर पाठवा, डिजिलॉकरमध्ये मिळतात ते तिथे घ्या, आणि एक झेरॉक्स संच गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवा. मे महिन्यात घराचे बाहेरून चारही बाजूंनी आणि आतून फोटो घ्या. त्यासाठी अर्धा तास पुरतो.